रेडिएटरातला भंडारा

आमच्या सुनेचं नाव शिवप्रिया. नाव आईकलं की वाटतं, देवळात आरतीचं ताट घिऊन हुबी ऱ्हाणारी बाई असंल. आन् ही बया दिवसभर गाडीच्या पोटाखाली, पाय तेवढं बाहिर. लग्नात मेंदी काढणारी मला हळूच म्हणली, "मावशी, नखातलं काळं निघंना." म्या म्हणलं, "राहू दे गं, आमच्या घरात तेच शकुनाचं हाय."

म्या शांतम्मा. मुरूममधी अक्कलकोट रोडला आमचं घर, आन् घराला चिकटून पत्र्याचं शेड. त्या शेडात आमच्या ह्यांनी, महांतप्पा मेस्त्रींनी, उभा जलम गाड्या खोलण्यात घातला. नवऱ्याचं नाव घेत्येय म्हणून तोंड वाकडं करू नका, ह्या वयात आता लाजायचं कशाला. इकडं उमरगा, तिकडं आळंद, कुठंबी जीप बंद पडली की लोक म्हणायचे, महांतप्पाकडं न्या. बॉनेट उघडायचं, एक नजर टाकायची आन् निकाल सांगून मोकळं व्हायचं, आशी त्यांची पद्धत. बहुतेकदा निकाल खरा निघायचा. निघाला न्हाय तर गाडीवाल्यालाच शिव्या बसायच्या.

आमचा रुद्रेश ह्यात पडला न्हाय. त्याचं बाजारात कापडाचं दुकान हाय. शर्टाची इस्तरी मोडली तरी त्याचा जीव वरखाली हुतो, शेडात यायचं झालं तर पँट वर धरून येतो. सून मात्र आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकून आलेली, वर्गात एकलीच पोरगी. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली, मला शेडात काम करू द्या. हे हसले. म्हणले, "यिऊ दे, हातात पाना द्यायला कुणीतरी हवंच हाय."

मग ह्यांचं गुडघं गेलं. खाली बसलं की उठता यीना, गाडीखाली जायचं तर नावच काढू नका. आन् नेमका तवाच आमचा सोयरा महालिंगप्पा शेड भाड्यानं मागायला लागला. त्याचा फरशीचा धंदा हाय, माल ठिवायला जागा पायजे व्हती. हे निम्मे तयारबी झाले. शिवप्रिया आत भाकरी थापत व्हती. तिनं ते आईकलं आन् पिठाच्या हातानं तशीच बाहिर आली.

"मामा, शेड म्या चालवते की."

"चालवशील गं. पाना फिरवणारे गल्लोगल्ली हायत. पर इंजिन खोलायच्या आधी आत काय झालंय ते सांगणारा पायजे. ते कोण सांगणार?"

"म्या सांगते."

हे हट्टी, तीबी हट्टी. शेवटी हेच म्हणले, की पुढची जी बिघडलेली गाडी यील, तिचा निकाल तू सांग. खोलायच्या आधी, समद्यांच्या म्होरं, एकदाच. खरा निघाला तर शेड तुझं. चुकला तर महालिंगप्पाला चावी द्यायची, मग कुरकुर न्हाय. ती म्हणली, चालतंय. मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू. सासऱ्यानं सुनेची परीक्षा मांडावी असं कुठं असतंय का? भांडणार व्हते, पर पोरीच्या तोंडाकडं बघितलं तर ते नुसतं फुललेलं. मग म्या गप बसले.

पौषातली नळदुर्गच्या खंडोबाची जत्रा झाली, आन् दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून एक पांढरी सात सीटची डिझेल गाडी आमच्या दारात आली. गाडी केसरजवळग्याच्या महारुद्रची. तो त्याच गाडीवर भाड्यानं माणसं नेतो-आणतो. म्होरच्या सीटवर त्याची आई कडूबाई, कपाळभर भंडारा, मांडीवर पिशवी, चेहरा एकदम प्रसन्न. महारुद्र मात्र रडकुंडीला आलेला.

"मेस्त्री, काल जत्रेवरनं येताना तापली. वाफा निघाल्या. पाणी घातलं, परत चालली, आन् मुरूम मोडाच्या अलीकडं जी बंद पडली ती पडलीच."

हे काठी टेकत गेले. बॉनेट उघडायला लावलं. इंजिनात ऑइल घालायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळी मलई. मग रेडिएटरच्या पाण्याची टाकी बघितली, तिच्यातबी पिवळा गाळ. ह्यांनी झाकण महारुद्रच्या तळहातावर ठिवलं.

"हेड गेलं. गास्केट फुटलं. पाणी ऑइलमधी शिरलंय. खोलावं लागतंय."

आता तुमाला कळावं म्हणून सांगते. ह्या दोघांनी जेवताना बोलून बोलून मलाबी शिकवलंय. इंजिनाचं खाली एक धड असतंय आन् वर एक जाड झाकण, त्याला हेड म्हणतात. दोघांच्या मधी एक पातळ पत्रा, ते गास्केट. आतला जाळ, पाणी आन् ऑइल, ह्यांची गाठ पडू द्यायची न्हाय हे त्या पत्र्याचं काम. गाडी लई तापली की हेड वाकतंय, पत्रा फाटतोय, पाणी ऑइलमधी घुसळतंय आन् पिवळी मलई तयार हुती. ती दिसली की मेस्त्री लोक पुढचं बघतच न्हायत.

महारुद्र तिथंच उकिडवा बसला. शिवप्रियानं ओढणी कमरेला बांधली.

"मामा, निकाल माझ्याकडं हाय न्हवं?"

हे बाजूला झाले. "सांग की मग."

"आधी बघते तर."

तेवढ्यात महालिंगप्पा हजर. त्याला कुठनं वास लागतो कुणास ठाऊक. हातात मापाची टेप. म्हणला, "तुमचं चालू द्या, म्या नुसतं भिंतीचं माप घेतो." म्या म्हणलं, "घ्या की, आमचंबी माप घेऊन ठिवा." तर हसला बेशरम.

शिवप्रियानं पयल्यांदा ऑइलची पट्टी वढली. पट्टी म्हणजे ती लांब कांडी, इंजिनाच्या तळातलं ऑइल दावणारी. पुसली, घातली, परत वढली. ऑइल काळं, नितळ. तिनं ते बोटावर घेऊन चोळलं. मग झाकणातली पिवळी मलई दुसऱ्या बोटावर घेतली. एकदा हे बोट बघी, एकदा ते बोट बघी.

"मामा, पाणी ऑइलमधी गेलं असतं तर तळातलं ऑइलबी पिवळं व्हायला पायजे. हे तर काळंच हाय."

"खाली बसलं असंल पाणी. मलई दिसती न्हवं झाकणाला? बास झालं."

तिनं बोट नाकाला लावलं. कपाळाला आठी घातली. मग दारातल्या टाकीवर हात धुवायला आली, म्या तिथं कपडे धूत बसले व्हते. माझाच साबण उचलला आन् बोटाला लावला. बघत्ये तर काय, फेस लालभडक झाला. कुंकू कालवल्यावाणी लाल.

अवो, माझे कपडे धुण्यात केस पांढरे झाले. जत्रेवरनं आलेल्या धोतराला साबण लावला की हेच हुतंय. म्या वरडलेच.

"आगं, ही हळद हाय."

शिवप्रिया माझ्याकडं बघायला लागली. म्या तिच्याकडं. दोघी एकदमच वळून कडूबाईकडं बघायला लागलो. कडूबाई सीटवर बसून शेंगा सोलत व्हती.

"मावशी," शिवप्रियानं इचारलं, "तुमी गाडीत भंडारा टाकला व्हता का?"

"टाकला की," कडूबाई म्हणली, एकदम ठसक्यात. "हा पोरगा पाणी आणायला गेलता, बॉनेट उघडं, ते ऑइलचं झाकणबी ह्यानंच गडबडीत काढून ठिवलेलं. म्या येळकोट म्हणून मूठभर उधळला. देवाच्या दारातनं आलेली गाडी, तिला भंडारा नको व्हय? आन् पाण्याच्या टाकीत तर चांगल्या दोन मुठी घातल्या. आमच्या गावचे ड्रायव्हर हळद घालतात की रेडिएटर गळाय लागल्यावर. मग देवाची हळद जास्तच काम करंल न्हवं?"

महारुद्रनं कपाळावर हात मारून घेतला. "आई, मला सांगायचंस तरी."

"देवाचं काम सांगून करतात का?"

म्या हसून हसून टाकीला टेकले. आन् खरं सांगते, पोरीच्या नाकाचा मला इतका अभिमान वाटला की तिथंच मिठी मारावी वाटली. पर महालिंगप्पा बघत व्हता, म्हणून आवरलं. आमचे हे मात्र हलले न्हायत. "हळद असंल," म्हणले, "पर गाडी तापली हे खोटं न्हाय. पाणी गेलं कुठं? आतच गेलं."

हे बरोबर व्हतं. ते शिवप्रियाबी जाणून व्हती. ती आतनं हवेचा छोटा हातपंप घिऊन आली, त्याला घड्याळासारखा काटा असतो. रेडिएटर पाण्यानं भरला, तोंडाला पंप बसवला आन् दाब भरला. आता बघायचं एवढंच, की काटा टिकतो का पडतो. टिकला तर पाण्याला वाट न्हाय. पडला तर पाणी कुठंतरी पळतंय, आन् बाहिर दिसलं न्हाय तर आतच पळतंय.

समदे काट्याभवती गोळा झाले. ट्रॅक्टरवाला, रस्त्यानं जाणारे, समोरचा पंक्चरवाला, महारुद्र. कडूबाईबी शेंगा घिऊन खाली उतरली. म्या ओले हात घिऊन हुबी.

काटा हळूहळू पडायला लागला.

ह्यांनी काठी जमिनीवर आपटली. शिवप्रियानं खाली वाकून बघितलं. जमीन कोरडी ठाक. इंजिनाखाली थेंब न्हाय. तिनं परत पंप मारला, परत काटा खाली. ती गाडीखाली शिरली. नुसते पाय दिसत व्हते. मग आतनं मला हाक आली, "अत्ती, बारका पाना द्या." कानडी वळणानं ती मला, सासूला, अत्ती म्हणती. म्या कुठला बारका न् कुठला मोठा, हाताला लागंल तो दिला. तोच बरोबर निघाला.

खटाखट बोल्ट सुटले आन् इंजिनाखालची प्लास्टिकची पाटी एका बाजूनं खाली झुकली. त्या पाटीतनं भस्सकन पाणी आलं. पिवळं पाणी. शिवप्रिया समदी भिजली, तोंडावर भंडाऱ्याचं पाणी, आन् ती तिथंच पडून हसायला लागली.

"वॉटर पंप गळतोय, मामा. पंपाच्या भोकातनं धार लागलीय. पाणी समदं पाटीत साठत व्हतं म्हणून भुईला दिसलं न्हाय."

बाहिर आली ती उड्या मारतच आली म्हणा. ऑइल स्वच्छ, पाणी आत जात न्हाय, गळती सापडली, मलई हळदीची. महारुद्र हात जोडून हुबा ऱ्हायला. पंक्चरवाल्यानं टाळी वाजवली. शिवप्रियानं छाती भरून श्वास घेतला आन् समद्यांच्या म्होरं निकाल सांगितला.

"हेड खोलायची गरज न्हाय. गास्केट शाबूत हाय. पंप बदलायचा, ऑइल बदलायचं, पाण्याच्या नळ्या धुवायच्या. गाडी चालू."

म्या ह्यांच्याकडं बघितलं. तोंड पडलेलं, पर डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चकाकत व्हतं. महालिंगप्पा टेप गुंडाळाय लागला. मला वाटलं, जिंकली पोरगी, आता साखर आणावी. म्या घरात जाऊन वाटीबी काढली.

वाटी घिऊन बाहिर आले तर कडूबाईचं प्रवचन चाललेलं.

"म्या म्हणतच व्हते, देव गाडीला काय हू द्यायचा न्हाय. भंडारा टाकल्यावर गाडीतला तापाचा काटा परत वर गेला, पार लाल रेघेपतुर. ह्यो पोरगा घाबरला. म्या म्हणलं गप चालव. आन् येणेगूरच्या म्होरं काटा आपसूक खाली आला. पार तळाला. देवानंच खाली आणला."

शिवप्रिया हात पुसत व्हती. तिचा हात थांबला.

"महारुद्रदादा, काटा खाली आल्यावर किती पळवली गाडी?"

"मोडापतुर. काटा खालीच व्हता वहिनी. म्हणून तर जोरात पळवली."

पोरीच्या तोंडावरनं समदं हसू उतरलं. म्या साखरेची वाटी धरून तशीच. काय झालं ते मला कळंना. ह्यांना मात्र कळलं, कारण हे काठी टेकून सरळ झाले. पर बोलले न्हायत. निकाल तिचा व्हता.

मग तिनंच सांगितलं, महारुद्रला नीट समजावून. तापमान मोजणारं यंत्र पाण्यात बुडालेलं असतंय. पाणी हाय तवर ते पाण्याचा ताप सांगतंय. पाणी पार संपलं की ते उघडं पडतंय, मग काटा खाली येतो. काटा खाली म्हणजे इंजिन थंड झालं असं न्हाय. इंजिन कोरडं पडलं. आन् ती कोरडी गाडी ह्यानं देवाचं नाव घेत मोडापतुर पळवली.

"आता काय मग?" महारुद्रनं इचारलं.

तिनं गाडीत डोकावून बघितलं. चावी गाडीलाच व्हती. पाणी भरून चावी मारली असती तर गाडी कदाचित चालूबी झाली असती. थोडी थरथरली असती, पर चालू झाली असती. महारुद्र पेढं घिऊन आला असता. शेड तिचं झालं असतं. हे मला नंतर कळलं, तिला त्याच वक्ताला म्हाईत व्हतं.

तिनं चावी काढून खिशात घातली आन् इंजिनाचे चारी सिलिंडर मोजायचं मीटर आणलं. सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या आतल्या गोल खोल्या, जिथं जाळ हुतो. प्रत्येक खोली हवा किती जोरानं दाबून धरती ते मीटरवर दिसतंय. प्रत्येक सिलिंडरचा डिझेल पेटवायला मदत करणारा प्लग काढला आन् एकेका भोकाला मीटर लावून महारुद्रला म्हणली, "म्या सांगितलं की नुसती फिरवायची."

चावी त्याला परत दिली. पयल्याला लावलं. काटा झटकन वर गेला. दुसऱ्याला लावलं, तोबी वर. माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्याला लावलं. काटा निम्म्यावर जाऊन थांबला. पोरगी ओठ चावत व्हती. चौथ्याला लावलं, तोबी निम्म्यावर.

"रिंगा गेल्या असतील," हे लांबूनच म्हणले. त्यांना ऱ्हाववंना.

तिनं पिचकारीनं थोडं ऑइल तिसऱ्यात घातलं, मीटर परत लावलं. रिंगा म्हणजे पिस्टनभवतीच्या कड्या, त्या झिजलेल्या असल्या तर ऑइलानं फट बुजती आन् काटा वाढतो. काटा तिथंच. रिंगा ठीक. ती आता तिच्या तंद्रीत गेली व्हती, ना महालिंगप्पा, ना म्या, कुणीबी तिला दिसत नव्हतं. इंजिन हातानं फिरवून जागेवर आणलं, तिसऱ्या भोकाला कॉम्प्रेसरची हवेची नळी बसवली आन् मला हाक मारली.

"अत्ती, इकडं या. तळहात ह्या चौथ्या भोकावर ठिवा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"हाताला काय लागतंय तेवढं सांगा."

म्या पदर कमरेला खोचला आन् गाडीत वाकले. अख्खा जलम शेडाशेजारी काढला, इंजिनाला हात आज पयल्यांदा लावला. तिनं तिसऱ्यात हवा सोडली. आन् माझ्या तळहाताला, चौथ्या भोकातनं, गार वारा लागला. चांगला जोराचा वारा.

"लागतोय गं," म्या म्हणलं. "वारा लागतोय."

"लागणारच," ती म्हणली. आवाज एकदम बारीक झालेला. तिसऱ्यात भरलेली हवा चौथ्यातनं बाहिर येतीय, म्हणजे दोघांच्या मधला पत्रा जळून वाट झालीय. गास्केट फुटलं व्हतं, पर पाण्याच्या बाजूला न्हाय, ऑइलच्याबी बाजूला न्हाय. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत. म्हणून पाणी-ऑइल एकमेकांत मिसळलं न्हाय, आन् इंजिन मात्र जखमी.

मग तिनं काय केलं असंल? खडू घेतला, हेडवर तिसऱ्या आन् चौथ्याच्या मधी बरोबर एक रेघ मारली. आन् ह्यांच्या म्होरं जाऊन हुबी ऱ्हायली.

"मामा, माझा निकाल चुकला. हेड खोलावं लागतंय. गास्केट ह्या रेघेखाली जळालंय. तुमी खरे ठरले."

महालिंगप्पानं टेप परत उलगडली. मला असा संताप आला, महालिंगप्पाचा, कडूबाईचा, त्या काट्याचा, समद्यांचा. म्या हातातली साखर तशीच घरात नेऊन डब्यात वतली, आन् वतताना रडले. कशाला लपवू.

हेड खोलायला दुपार झाली. ह्यांनी पंक्चरवाल्याला बोलावून वजन धरायला लावलं, शिवप्रियानं बोल्ट ठरल्या क्रमानं सोडले, बाहिरनं मधी, थोडे थोडे. हेड वर उचललं. सगळे वाकून बघायला लागले. पत्रा समदीकडं ठीक व्हता, फक्त तिसऱ्या आन् चौथ्याच्या मधी काळा जळून तुटलेला. खडूची रेघ हेडावर, जळलेला डाग बरोबर तिच्याखाली. ह्यांनी खुर्ची वढून घेतली, चष्मा लावला, डागावरनं बोट फिरवलं. लई वेळ फिरवलं.

शिवप्रियानं पोलादाची सरळ पट्टी हेडाच्या बुडावर आडवी ठिवून बघितली. वाकलं नव्हतं. "वेळेत खोललं," ती महारुद्रला म्हणली. "अशीच पळवली असती तर हेडबी गेलं असतं. आता गास्केट नवीन घालू, पंप नवीन, आन् नळ्यांतली हळद धुवून काढू. गाडी ठणठणीत हुईल. पर मावशीला सांगा, पुढच्या जत्रेला भंडारा बॉनेटच्या वरनं उधळायचा."

"वरनंच उधळंन," कडूबाई म्हणली. पयल्यांदा जरा नरम आवाजात.

महारुद्र आईला घिऊन ट्रॅक्टरवर बसून गेला. शेडात आमी तिघंच. ह्यांनी इचारलं, "चावी मारली असतीस तर चालू झाली असती. म्हाईत व्हतं न्हवं तुला?"

"व्हय."

"मग?"

"मग त्याच गाडीत कडूबाई बसल्या असत्या, मामा. आन् भाड्याची माणसं. मधी कुठं रस्त्यात बंद पडली असती तर?" ती एवढंच बोलली, आन् बोल्ट रॉकेलात धुवायला बसली. शेडाच्या चावीचा इषय तिनंबी काढला न्हाय, ह्यांनीबी न्हाय. मला दोघांचंबी डोकं एकमेकांवर आपटावंसं वाटत व्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालिंगप्पा आला. संगं फरशी वाहणारे हमाल, बाहिर टेम्पो हुबा. म्या ओट्यावर शेंगाचटणी कुटत व्हते, ह्यांची खुर्ची माझ्या शेजारी. मनात म्हणलं, आता हे शेडाची चावी काढणार. म्या मुद्दाम जोरात कुटायला लागले.

"मेस्त्री," महालिंगप्पा म्हणला, "पोरीचा निकाल तर चुकला. मग शेडाचं काय ठरलं?"

ह्यांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठिवला.

"आवं, मला काय इचारता. शेड मेस्त्रींचं हाय, त्यांना इचारा. आत हायत."

माझा बत्ता हातातच ऱ्हायला. महालिंगप्पाला आधी कळलंच न्हाय, तो ह्यांच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. मग शेडात गेला. शिवप्रिया महारुद्रच्या इंजिनात कोपरापतुर हात घालून वाकलेली, मागं कोण आलंय ते तिला दिसत नव्हतं. तिला वाटलं, गिऱ्हाईक असंल.

"बसा जरा," ती म्हणली. "गाडीला काय झालंय?"